वाचकांचे प्रश्न : उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी कौंटी क्रिकेट

गेल्या अंकात इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटवर लेख प्रसिद्ध झाला होता. १८ प्रथम श्रेणी कौंट्या (म्हणजे परगण्यांचे व्यावसायिक संघ), दोन विभागांत खेळली जाणारी चार दिवसांच्या सामन्यांची चॅम्पियनशिप स्पर्धा, एप्रिल ते सप्टेंबर असा मोसम, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी व्यावसायिक क्रिकेटमध्ये आलेला वेगवान गोलंदाज रिचर्ड ग्लीसन यांची माहिती त्यात होती. ग्लीसनचा उल्लेख जेमतेम चार ओळींचा होता, पण नागपुरातून आलेली बहुतेक पत्रे त्या चार ओळींवरच आहेत. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा असून बुटीबोरीच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. लहानपणापासून टेनिस बॉलवर खेळलो. लेदर बॉल प्रथम हातात घेतला तो बाविसाव्या वर्षी. आता नागपूरच्या गुझदर लीगमध्ये एका क्लबकडून वेगवान गोलंदाजी करतो आणि बळीही मिळतात. ग्लीसन सत्ताविसाव्या वर्षी कौंटीत जाऊ शकला, तर मला तीन वर्षे हातात आहेत असे समजावे का? नोकरी सोडून पूर्ण वेळ सराव करण्याचा विचार आहे. (बुटीबोरी)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत तातडीचे आहे. नोकरी आज सोडू नये. पाळी बदलून घेता आली, सकाळचा सराव सांभाळता आला, तर तेवढे करावे. त्याची कारणे ग्लीसनच्याच वाटचालीत सापडतात.

ग्लीसनचा जन्म डिसेंबर १९८७चा, ब्लॅकपूलचा. नॉर्दम्प्टनशरकडून त्याने पहिला प्रथम श्रेणी सामना २०१५ मध्ये खेळला. त्याआधी तो क्लब क्रिकेट खेळत होता आणि कंबरलँड या ‘मायनर कौंटी’कडून खेळत होता. या संघांना आता ‘नॅशनल कौंटीज’ म्हणतात. व्यावसायिक कौंट्यांच्या खालची ही पायरी असून तेथे नोकरी करणारे, शिकणारे आणि कौंटीने सोडून दिलेले खेळाडू एकत्र खेळतात, आणि मोठ्या कौंट्यांचे लोक अधूनमधून तेथे नजर टाकत असतात. थोडक्यात, ग्लीसन अकादमीच्या नोंदवहीत नसला तरी पाहणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात होता. पुढे जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला भारताविरुद्ध ट्वेंटी-२० पदार्पणातच त्याने रोहित शर्मा, विराट कोहली आणि ऋषभ पंत यांना बाद केले, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. २०२४ मध्ये चेन्नई सुपर किंग्जच्या संघातही तो दिसला.

अशी आणखी उदाहरणे आहेत. जॅक ब्रुक्स ऑक्सफर्डशरकडून मायनर कौंटी क्रिकेट खेळून पंचविसाव्या वर्षी, २००९ मध्ये, नॉर्दम्प्टनशरकडे आला आणि पुढे यॉर्कशरच्या २०१४ व २०१५च्या अजिंक्यपदांत त्याचा मोठा वाटा होता. बेन सँडरसनला यॉर्कशरने सोडून दिले, तो श्रॉपशरकडून मायनर कौंटी खेळला आणि नॉर्दम्प्टनशरमध्ये त्याने दुसरी सुरुवात केली. मायकेल होगनचे प्रथम श्रेणी पदार्पण ऑस्ट्रेलियात अठ्ठाविसाव्या वर्षी झाले. त्यानंतर ग्लॅमॉर्गनकडून तो वर्षानुवर्षे खेळला आणि कारकीर्दीत सहाशेहून अधिक बळी घेतले.

ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. सगळे गोलंदाज आहेत, आणि मला हा योगायोग वाटत नाही. वेग, उसळी आणि चेंडू हलवण्याची क्षमता जाणकाराला दोन षटकांत दिसते. फलंदाजाची पारख करायला मात्र निरनिराळ्या खेळपट्ट्यांवरचे, निरनिराळ्या गोलंदाजांसमोरचे दोन-तीन मोसम लागतात, आणि उशिरा आलेल्या फलंदाजासाठी तेवढा वेळ कोणी काढत नाही. म्हणून आपण गोलंदाज आहात ही जमेची बाजू आहे.

आता अडचणीकडे वळू. कौंटीच्या संघात साधारण वीस ते पंचवीस करारबद्ध खेळाडू असतात. त्यांतील बरेचसे दहा-अकराव्या वर्षापासून त्याच कौंटीच्या वयोगट संघांत, मग अकादमीत, मग दुसऱ्या संघात वाढलेले असतात. अठरा वर्षांच्या मुलाशी कौंटी करार करते तेव्हा ती त्याच्या भविष्यावर पैसे लावते. तो पहिल्या मोसमात पडला, दुसऱ्यात दुखापतग्रस्त झाला, तरी प्रशिक्षक म्हणतात, अजून लहान आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या नवख्याला ही सवलत मिळत नाही. तो आज लागणारी एखादी उणीव भरून काढण्यासाठी घेतलेला असतो आणि त्याने पहिल्या चार-पाच सामन्यांत ती भरून काढावी अशी अपेक्षा असते. करार बहुधा एक किंवा दोन मोसमांचा, कधी केवळ सामन्यापुरता. चुकायला वेळ नाही, ही उशिरा आलेल्याची खरी अडचण आहे. गुडघे आणि खांदे त्यानंतर येतात. जे टिकले ते कौंटीच्या दारात शिकायला आले नव्हते. आपल्या गोलंदाजीची त्यांना पक्की ओळख होती, टप्पा हाताला बसलेला होता, आणि क्लब क्रिकेटमध्ये शेकडो षटके टाकून झालेली होती.

आपल्यासाठी यात आणखी एक अडसर आहे. ग्लीसन स्थानिक खेळाडू होता. भारतीय नागरिकाला कौंटीत परदेशी खेळाडू म्हणूनच जागा मिळते, आणि चार दिवसांच्या सामन्यात एका संघाला दोनच परदेशी खेळाडू खेळवता येतात. त्यासाठीच्या व्हिसाकरिता इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची शिफारस लागते आणि ती खेळाडूने वरच्या दर्जाचे किती क्रिकेट अलीकडे खेळले आहे यावर अवलंबून असते. आपल्या मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. क्लब क्रिकेटच्या बळावर हे होत नाही. म्हणून ‘कौंटीत चाचणी मिळवून देतो’ असे सांगून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. ही कळकळीची विनंती आहे, कारण अशा आश्वासनांवर घरचे सोने गहाण पडते.

मग आपला रस्ता कोणता? तो उमेश यादव यांनी दाखवलेला आहे, आणि तो बुटीबोरीहून फार लांब नाही. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत वाढलेला, वडील कोळसा खाणीत, पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला हा तरुण एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. लेदर बॉल हाती आल्यावर क्लबमार्फत तो विदर्भाच्या नजरेत आला, २००८ मध्ये रणजी पदार्पण झाले, २०११ मध्ये कसोटी पदार्पण झाले आणि कौंटी मात्र शेवटी आली : २०२२ मध्ये मिडलसेक्स आणि २०२३ मध्ये एसेक्स. तोवर त्यांच्या नावावर ५०हून अधिक कसोटी सामने होते. नागपूरच्या मुलासाठी कौंटीचा रस्ता जामठ्यावरून, म्हणजे विदर्भाच्या मैदानावरून जातो, हे मनाशी ठरवून पुढची दोन वर्षे आखावीत.

सी. के. नायडू करंडकाची तेवीस वर्षांखालील पायरी आपल्यासाठी संपली आहे. यापुढे थेट वरिष्ठ संघाच्या निवड चाचणीतच आपला विचार होईल आणि तेथे स्पर्धा रणजी करंडक तीनदा जिंकलेल्या संघातील गोलंदाजांशी आहे. लीगच्या वरच्या गटातील क्लबमध्ये जाण्याचा प्रयत्न करावा, २०२५ पासून सुरू झालेल्या विदर्भ प्रो टी-२० लीगच्या निवडीकडे लक्ष ठेवावे, आणि टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा, त्यांत बक्षिसाची रक्कम कितीही मोठी असली तरी, कमी कराव्यात. टेनिस बॉलवर वेग तयार होतो हे खरे, पण शिवण सरळ ठेवून मनगट तिच्यामागे आणण्याची सवय त्यावर लागत नाही, आणि कोणत्याही निवड समितीला गोलंदाजाकडे पाहताना पहिल्यांदा तीच गोष्ट दिसते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि पन्नास वर्षे क्रिकेट पाहत व वाचत आलो आहे. पूर्वी कौंटीत तिशीच्या आसपास सुरुवात करणारे बरेच खेळाडू असत असे वाचल्याचे आठवते. मग आताच असे काय बदलले? (महाल)

उत्तर : आपले स्मरण बरोबर आहे आणि या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मलाही विशेष आनंद होत आहे, कारण ही माणसे विसरली जाऊ नयेत.

केंटचा लेगस्पिनर टिच फ्रीमन सर्वांत आधी आठवतो. पाच फूट दोन इंच उंचीचा हा गृहस्थ १९१४ मध्ये सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा केंटकडून खेळला आणि लगेच महायुद्ध सुरू झाले. मोसमामागून मोसम गेले. खरी कारकीर्द तिशी ओलांडल्यावर उभी राहिली, आणि १९२८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याने एका मोसमात ३०४ बळी घेतले. हा विक्रम आजही अबाधित आहे. एकूण ३,७७६ बळींसह प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्यापुढे फक्त विल्फ्रेड ऱ्होड्स आहे.

यॉर्कशरचा बॉब ॲपलयार्ड सव्विसाव्या वर्षी आला आणि १९५१ मध्ये, आपल्या पहिल्याच पूर्ण मोसमात, त्याने २०० बळी घेतले. पुढच्याच वर्षी क्षयरोगाचे निदान झाले, फुफ्फुसाचा भाग काढावा लागला, आणि तरीही १९५४ मध्ये तो परत येऊन खेळला. लँकेशरचा जॅक सिमन्स सत्ताविसाव्या वर्षी, १९६८ मध्ये, पदार्पण करून अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत ऑफस्पिन टाकत राहिला आणि त्याने हजारांहून अधिक प्रथम श्रेणी बळी घेतले.

बेसिल डॉलिव्हेरा यांची कहाणी या सर्वांहून वेगळी आहे. त्यांना उशीर झाला तो केपटाउनमध्ये वर्णभेदाच्या कायद्यांनी गोऱ्यांच्या क्रिकेटचे दार बंद केल्यामुळे. १९६० मध्ये ते मिडलटन या लँकेशरमधील क्लबसाठी खेळायला इंग्लंडला आले, १९६४ मध्ये वूस्टरशरकडे गेले आणि १९६६ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून कसोटी खेळले. खरे वय कळले तर आपला विचारच होणार नाही या भीतीने त्यांनी ते कमी सांगितले होते. त्यांच्यावर झालेला अन्याय पाहता त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. मात्र आपल्याकडे वयोगट क्रिकेटमध्ये जन्मदाखल्यांची जी फिरवाफिरव होते तिला या उदाहरणाचा आधार कोणी घेऊ नये. तेथे दुसऱ्या एखाद्या मुलाची जागा जाते.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. १९५०च्या दशकात एका कौंटीला मोसमात २८ चॅम्पियनशिप सामने खेळावे लागत. आज ते १४ आहेत. सामने जास्त असले की दुखापती होतात, कसोटीसाठी खेळाडू जातात आणि लीगमधल्या एखाद्या तीस वर्षांच्या गोलंदाजाला शनिवारी निरोप पाठवण्याची वेळ येते. ती वेळच आता कमी येते. दुसरे असे की, १९६८ मध्ये परदेशी खेळाडूंना वास्तव्याची अट न ठेवता थेट घेण्याची मुभा मिळाली. वेस्ट इंडीजचे सोबर्स नॉटिंगहॅमशरला आणि आपले फारोख इंजिनीअर लँकेशरला गेले ते तेव्हा. संघात एखादी जागा रिकामी झाली, तर ती भरायला जगभरातला तयार खेळाडू मिळू लागला. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे अकादम्या. त्यांनी क्रिकेटचा दर्जा वाढवला यात शंका नाही, पण ज्या कौंटीने एका मुलावर आठ वर्षे खर्च केला आहे ती त्याला बाजूला ठेवून बाहेरच्याला घ्यायला साहजिकच कचरते. यात खासगी शाळांत शिकलेल्या मुलांना मिळणारा फायदा इतका उघड आहे की २०२३ मध्ये तेथील समानतेविषयीच्या स्वतंत्र आयोगाच्या अहवालाने त्यावर कठोर शब्दांत बोट ठेवले.

एक खिडकी मात्र अलीकडे उघडली आहे. २०२१ पासून जुलै-ऑगस्टच्या सुमारास ‘द हंड्रेड’ ही शंभर-शंभर चेंडूंची स्पर्धा चालू असते आणि त्याच वेळी कौंट्यांची एकदिवसीय स्पर्धाही होते. मुख्य खेळाडू तिकडे गेल्याने एकदिवसीय स्पर्धेत अकरा जण जमवताना कौंट्या दुसऱ्या संघाकडे, नॅशनल कौंटीजकडे, कधी क्लबकडेही वळतात. या व्यवस्थेवर तेथील जुने रसिक नाराज आहेत, तरी उशिरा आलेल्यांसाठी तीच सर्वांत चांगली संधी आहे.

आपल्या शहराचा एक दाखला जोडतो. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व करायला उतरले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. त्यांचा खेळ कधीच तयार होता. कसोटीच उशिरा आली. तसेच दिलीप दोशी नॉटिंगहॅमशरकडून कौंटी खेळत होते तेव्हा भारतीय संघात फिरकीच्या जागा भरलेल्या होत्या, आणि तिशी ओलांडल्यावर कसोटी मिळूनही त्यांनी ११४ बळी घेतले.

प्रश्न : माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. सप्टेंबरमध्ये तो पदव्युत्तर शिक्षणासाठी बर्मिंगहॅमला जात आहे. येथे महाविद्यालयाकडून खेळायचा. तेथे क्लबकडून खेळून पैसे मिळतात आणि कौंटीतही शिरता येते, असे त्याचे मित्र सांगतात. दक्षिण आशियाई मुलांसाठी तेथे एक अकादमी असल्याचेही ऐकले. आम्ही त्याला प्रोत्साहन द्यावे का? (प्रतापनगर)

उत्तर : खेळण्यासाठी जरूर प्रोत्साहन द्यावे, पैशासाठी खेळण्यापासून मात्र ठामपणे रोखावे. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला ठरावीक तास इतर नोकरी करण्याची जी परवानगी असते, तिच्यात हे बसत नाही. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही व्यावसायिक खेळाडू होण्यास मनाई आहे. मोबदला रोख नसून घरभाड्याच्या किंवा वस्तूच्या रूपात असला, तरी तो मोबदलाच धरला जातो, हे मुलांना ठाऊक नसते आणि क्लबमधील सगळेच ते सांगतात असे नाही. नियम बदलत असतात, म्हणून जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी खुलासा घ्यावा. एका मोसमातल्या थोड्याशा पैशांसाठी पदवी आणि व्हिसा धोक्यात घालणे योग्य नाही.

हौशी खेळाडू म्हणून विद्यापीठाच्या संघात आणि बर्मिंगहॅम परिसरातील क्लबमध्ये त्याला उत्तम क्रिकेट मिळेल. एप्रिलमध्ये हात गारठतात, तेथे वापरला जाणारा ड्यूक्सचा चेंडू तासन्‌तास हलत राहतो आणि उन्हात कोरड्या पडलेल्या आपल्या खेळपट्ट्यांवर पुढचा पाय टाकून बिनधास्त मारलेले फटके तेथे स्लिपमध्ये जातात. एका उन्हाळ्यात फलंदाजाला यातून जे शिकायला मिळते, ते अन्यत्र क्वचित मिळते.

आपण ऐकलेली संस्था म्हणजे साउथ एशियन क्रिकेट अकादमी. बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठातील संशोधनातून, टॉम ब्राउन आणि माजी कसोटीपटू कबीर अली यांच्या प्रयत्नांतून ती २०२२ मध्ये उभी राहिली. क्लब क्रिकेटमध्ये ब्रिटिश दक्षिण आशियाई खेळाडू मोठ्या संख्येने असूनही कौंटी करार मिळेपर्यंत ते गळून पडतात, हे ध्यानात घेऊन अकादमीच्या वयातून निसटलेल्या खेळाडूंना सामने, प्रशिक्षण आणि कौंट्यांसमोर खेळण्याची संधी देण्याचे काम ती करते. काशिफ अली तेथूनच वूस्टरशरकडे गेला. जाफर चोहान यॉर्कशरकडे गेला आणि पुढे इंग्लंडच्या संघात त्याची निवड झाली. उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या बाबतीत गेल्या कित्येक वर्षांत कोणी इतके नेमके काम केलेले नाही, असे माझे मत आहे. परंतु ती तेथेच स्थायिक असलेल्या खेळाडूंसाठी आहे. शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याने तिच्यावर आशा ठेवू नये. स्थानिक खेळाडू म्हणून पात्र होण्यासाठी नागरिकत्व आणि किमान तीन वर्षांच्या वास्तव्याच्या अटी आहेत आणि नागरिकत्वाला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

प्रश्न : मी एकवीस वर्षांची आहे. शाळेत धावपटू होते, क्रिकेट दोन वर्षांपूर्वी सुरू केले. महिलांच्या कौंटी क्रिकेटमध्येही वयाची हीच अडचण आहे का? (हिंगणा रोड)

उत्तर : आहे, पण आज तरी ती सौम्य आहे. इंग्लंडमध्ये महिलांना देशांतर्गत पूर्ण वेळ करार २०२० पासून मिळू लागले आणि २०२५ मध्ये आठ कौंट्यांनी व्यावसायिक महिला संघ उभे केले : डरहॅम, एसेक्स, हॅम्पशर, लँकेशर, नॉटिंगहॅमशर, सॉमरसेट, सरे आणि वॉरविकशर. ही रचना नवी असल्याने दहाव्या वर्षापासून घडवलेल्या मुलींची रांग अजून पुरुषांइतकी लांब नाही आणि दुसऱ्या खेळातून आलेल्या, चपळ आणि ताकदवान मुलींकडे प्रशिक्षक उत्सुकतेने पाहतात. दहा वर्षांनी ही स्थिती राहणार नाही.

आपल्याला मात्र तेथे परदेशी खेळाडू म्हणूनच जाता येईल, म्हणजे आधी विदर्भाचा वरिष्ठ संघ आणि त्यानंतर महिला प्रीमियर लीग. नागपूरच्या मोना मेश्राम विदर्भातूनच भारतीय संघात पोहोचल्या. भारतीय मंडळ महिला खेळाडूंना परदेशी टी-२० लीगमध्ये खेळण्याची परवानगी देते, जी सध्या खेळत असलेल्या पुरुषांना मिळत नाही, ही आपली आणखी एक अनुकूलता आहे. धावण्याचा पाया पक्का असल्याने वेगवान गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांवर भर द्यावा. तंत्रशुद्ध फलंदाजी घडवायला अधिक वर्षे लागतात.

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा बँक कर्मचारी असून बँकेच्या संघाचा सलामीचा फलंदाज आहे. करुण नायर तेहतिसाव्या वर्षी कसोटी संघात परतला, ॲडम व्होजेसने पस्तिसाव्या वर्षी पदार्पण केले, प्रवीण तांबे एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये आला. मग माझे वय का आड यावे? (सदर)

उत्तर : आपल्या पत्रातील तळमळ मला समजते, म्हणून स्पष्ट लिहितो. कौंटीचा करार आता शक्य नाही.

आपण दिलेल्या उदाहरणांपैकी दोन उशिरा सुरुवात करणाऱ्यांची नाहीत. करुण नायरने पंचविसाव्या वर्षीच इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. कर्नाटकच्या संघातून बाहेर पडल्यावर २०२३ मध्ये नॉर्दम्प्टनशरकडून सरेविरुद्ध १५० धावा, पुढच्या वर्षी ग्लॅमॉर्गनविरुद्ध नाबाद २०२, आणि विदर्भाकडून २०२४-२५च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्यावर केरळविरुद्ध शतक, असा तो परतला. ही दुसरी सुरुवात होती आणि ती पहिल्या कारकिर्दीच्या भांडवलावर झाली. व्होजेसच्या मागेही पदार्पणापूर्वी प्रथम श्रेणीतली एक तपाहून अधिक वर्षे होती. तांबे यांचे उदाहरण खरोखर वेगळे आहे, कारण २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सकडून खेळण्यापूर्वी त्यांनी एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. परंतु ते लेगस्पिनर होते आणि मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे गोलंदाजी केली होती.

आपल्या वयाच्या इंग्लिश फलंदाजालाही आज कौंटी दार उघडणार नाही. समजा उघडले, तरी दोन मोसमांच्या करारासाठी बँकेची नोकरी, बढती आणि निवृत्तिवेतन सोडावे लागेल. त्यानंतर पस्तिशीत नव्याने काम शोधावे लागेल. ही काळजी तेथील व्यावसायिक खेळाडूंनाही असते. १९६७ मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना खेळत असतानाच दुसऱ्या व्यवसायाची तयारी करून घेते. आपण बँकेच्या संघाकडून खेळत राहावे. खेळाशी अधिक जवळून जोडले जायचे असेल, तर राज्य संघटनेमार्फत होणारी पंच परीक्षा हा चांगला मार्ग आहे. वयोमर्यादेची चौकशी लवकर करावी, कारण तेथेही ती असते.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा असून वर्षभरापूर्वी लेदर बॉलवर वेगवान गोलंदाजी सुरू केली. आता सलग दहा-बारा षटके टाकतो. उशिरा सुरुवात केल्याने शरीरावर जास्त परिणाम होतो का? अधूनमधून कंबर दुखते. (कामठी)

उत्तर : यात एक अनुकूल आणि एक प्रतिकूल बाजू आहे. वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्याला पडणारी बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला जास्त आढळते, कारण त्या भागातील हाड पूर्ण पक्के व्हायला विशीचा मध्य उजाडतो. उशिरा आलेल्याच्या पाठीवर लहानपणीच्या हजारो षटकांचा भार नसतो, ही अनुकूल बाजू. प्रतिकूल बाजू अशी की, भार सोसण्याची सवय हाडांना आणि स्नायूंना हळूहळूच लागते आणि उशिरा आलेला खेळाडू गेलेली वर्षे भरून काढण्याच्या घाईत षटके एकदम वाढवतो. ग्लीसनलाही कौंटीत स्थिरावल्यावर पाठीच्या दुखापतींमुळे बराच काळ बाहेर बसावे लागले होते.

इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला सलग सात षटकांपेक्षा अधिक आणि दिवसात अठरा षटकांपेक्षा अधिक टाकू देत नाहीत. आपल्या वयाला हा नियम लागू नाही, परंतु आपली गोलंदाजी एकच वर्षाची आहे. म्हणून तो स्वतःलाच लावून घ्यावा. आठवड्याला किती चेंडू टाकले याची सरावासह नोंद ठेवावी, ती संख्या हळूहळूच वाढवावी, आणि सिमेंटच्या खेळपट्टीवर पूर्ण वेगाने गोलंदाजी करणे टाळावे. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे टेनिस बॉलच्या अडीचपटीहून जड. खांद्याच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम त्यामुळे अनिवार्य ठरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा सकाळी आठपूर्वी सराव संपवावा.

कंबरेच्या एकाच बाजूला, चेंडू टाकण्याच्या हाताच्या विरुद्ध अंगाला, मागे वाकताना दुखत असेल, तर गोलंदाजी आजच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे एमआरआय करावा का, हे त्यांना आवर्जून विचारावे. वेळीच कळले, तर काही महिन्यांच्या विश्रांतीने चीर बहुधा भरून येते. वेदनाशामक गोळ्या घेऊन लीगचे सामने खेळत राहू नये.